कूर्चेतला ठिपका : लहान मुलांच्या हाडांचं वय आणि सोनोग्राफी



मूल किती वर्षांचं, या प्रश्नाला घरात एक उत्तर मिळतं आणि शाळेच्या दाखल्यावर कधीकधी दुसरंच निघतं. हाडांना विचारलं तर ती आपलं वेगळंच सांगतात. आज मला हाडांच्या या उत्तराबद्दल बोलायचं आहे, आणि तेही अगदी लहान मुलांच्या, म्हणजे जन्मापासून साधारण पाच वर्षांपर्यंतच्या. मी लहान मुलांची डॉक्टर आहे. वाढ लांबलेली मुलं माझ्याकडे येतात, वयाच्या मानाने थोराड दिसणारीही येतात. त्यांच्या आईवडिलांना 'हाडाचं वय बघू या' असं सांगितलं की ते चमकून बघतात. वय तर ठाऊक आहे, मग हाडाचं निराळं वय कुठून आलं, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. या वयोगटात हाडांची वाढ बघायला सोनोग्राफी हे एक्स-रेपेक्षा जास्त सांगणारं साधन ठरू शकतं. कारण इतक्या लहान वयात बघण्यासारखं जे असतं ते बहुतेक सगळं कूर्चेत, म्हणजे मऊ हाडात असतं, आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. पण सोनोग्राफी म्हणजे जन्मतारीख काढून देणारं यंत्र नव्हे. आपल्याकडच्या मुलांची मापं घेतल्याशिवाय तिच्या आधारावर कुणाचं वय ठरवायला बसणं मला मान्य नाही.

आपल्या आधीच्या पिढीत कागदोपत्री एक जूनला जन्मलेली माणसं घरोघरी सापडतात. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला घेऊन जायचा. जन्माची नोंद नसायची. 'मोठा पाऊस झाला त्या साली' किंवा 'थोरलीच्या पाठीवर दोन वर्षांनी' एवढीच खूण असायची. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी, तारीख एक जून. या पद्धतीला आपण नावं ठेवतो, पण तिच्यामागचं निरीक्षण पक्कं होतं. तान्ह्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि हात आखूड असतात. पुढे हात लांबतात, डोकं त्या मानाने वाढत नाही, आणि पाच-सात वर्षांच्या सुमाराला कान हाताला लागतो. गुरुजी मुलाचं वय मोजत नव्हते, त्याची वाढ कुठवर आली ते मोजत होते. हाडाचं वय म्हणजे हेच.

आता हाडात नेमकं घडतं काय ते पाहू. पोटातल्या बाळाचा सांगाडा आधी कूर्चेचा घडतो. मांडीच्या हाडाचा मधला दांडा गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या महिन्यांतच कठीण होतो, पण दोन्ही टोकं मऊच राहतात. पुढे त्या मऊ टोकाच्या आत, ठरावीक सुमाराला, एक ठिपका उगवतो. तिथल्या पेशी फुगतात, त्यांच्याभोवती चुना साठतो, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि हाड घडायला लागतं. आम्ही याला अस्थीकरणाचं केंद्र म्हणतो. आज मी ठिपकाच म्हणेन. गुडघ्यापाशी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकातला ठिपका साधारण छत्तिसाव्या आठवड्याला, म्हणजे जन्माच्या थोडा आधी येतो. नडगीच्या वरच्या टोकातला त्याच्यानंतर, अडतिसाव्या आठवड्याच्या आसपास. खुब्याच्या गोळ्यातला चौथ्या ते सहाव्या महिन्यात. मनगटात मात्र जन्मवेळी एकही ठिपका नसतो. पहिले दोन येतात दोन-तीन महिन्यांनी. अंगठ्याच्या बाजूच्या लांब हाडाच्या टोकाला तो वर्षाच्या सुमाराला दिसतो, आणि करंगळीच्या बाजूच्या हाडाला तर पाच-सहा वर्षं लागतात. मुलींमध्ये हे सगळं मुलांपेक्षा थोडं आधी होतं.

हा क्रम सहसा चुकत नाही, पण वेग बदलतो. थायरॉइड कमी असेल तर ठिपके उशिरा उगवतात. वाढीचं संप्रेरक कमी पडलं, मूल दीर्घकाळ आजारी राहिलं, उपाशी राहिलं, तरी तेच. उलट काही आजारांत शरीराला वयात येण्याची घाई होते आणि हाडं वयाच्या पुढे धावतात. म्हणून चार वर्षांच्या मुलाची हाडं अडीच वर्षांच्या मुलासारखी दिसली तर डॉक्टर सावध होतात. त्याच वेळी, घरातले सगळेच उशिरा उंच झालेले असतील आणि मूल धडधाकट असेल, तर हाच उशीर आईवडिलांना दिलासाही देतो. वाढायला अजून जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हे वाचण्याची रूढ पद्धत डाव्या हाताच्या एक्स-रेची आहे. विल्हेम रोंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि पत्नीच्या हाताचं छायाचित्र घेतलं. हाताची हाडं तेव्हापासून डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आहेत. ग्रॉइलिख आणि पाइल यांचा नकाशासंग्रह १९५० साली निघाला, दुसरी आवृत्ती १९५९ ची. त्यात वयवार हातांचे एक्स-रे आहेत. आपल्या मुलाचा एक्स-रे शेजारी धरायचा आणि कोणत्या पानाशी जुळतो ते बघायचं. इंग्लंडमध्ये टॅनर आणि व्हाइटहाउस यांनी एकेका हाडाला गुण देण्याची पद्धत बसवली. तिची तिसरी आवृत्ती २००१ सालची. आपल्याकडचे बहुतेक अहवाल याच दोन पद्धतींवर उभे आहेत.

पण ग्रॉइलिख-पाइलच्या पानांवरचे हात कुणाचे आहेत? अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरातल्या सुखवस्तू गोऱ्या घरांतल्या मुलांचे, आणि ते एक्स-रे १९३१ ते १९४२ या काळातले आहेत. आपल्या कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या आजच्या मुलाला आपण त्यांच्या शेजारी उभं करतो. वजन आणि उंचीच्या बाबतीत आपण असं करणं केव्हाच सोडलं. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते आले, त्यात दिल्लीची मुलंही मोजलेली होती. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, आणि त्यामागे पुण्याच्या डॉ. वामन व डॉ. अनुराधा खाडिलकर यांचं कित्येक वर्षांचं काम आहे. पुण्यातल्या याच गटाने परदेशी हाड-वयाच्या पद्धती भारतीय मुलांना कितपत लागू पडतात, संगणकाने वाचलेलं वय आणि डोळ्यांनी वाचलेलं वय यांत किती फरक पडतो, हेही तपासलं आहे. त्याआधी १९३७ साली गॅलस्टॉन यांनी बंगालमधल्या लोकांच्या हाडांचे ठिपके कधी उगवतात आणि पुढे हाडाच्या दांड्याशी कधी जुळतात याची नोंद केली, आणि न्यायवैद्यकात तिचा हवाला पुढे कित्येक वर्षं दिला गेला. म्हणजे आपल्याकडे काम झालेलंच नाही असं नाही. पण ते बहुतेक मोठ्या मुलांवर, आणि एक्स-रेनेच.

लहान मुलांची अडचण वेगळीच आहे. वर्षाच्या आतल्या बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर दोन ठिपके दिसतात आणि बाकी सगळं काळं. आठ महिन्यांचं आणि अकरा महिन्यांचं बाळ त्यावरून वेगळं सांगता येत नाही. म्हणून या वयात गुडघा, पाऊल, खांदा, खुबा असे अनेक सांधे बघावे लागतात. १९३९ साली अमेरिकेत सोनटॅग आणि सहकाऱ्यांनी तर शरीराच्या डाव्या बाजूचे सगळे ठिपके मोजायची पद्धत सुचवली होती. पद्धत हुशारीची आहे, पण त्यासाठी मुलाच्या अर्ध्या अंगाचे एक्स-रे काढायचे.

इथे किरणांबद्दल बोलायला हवं, कारण सोनोग्राफीची बाजू मांडणारे पुष्कळदा इथेच अति करतात. हाताच्या एका एक्स-रेत मिळणारे किरण ०.००१ मिलिसीव्हर्टहूनही कमी असतात. आपल्याला जमिनीतून, हवेतून, आकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे हाताचा एक एक्स-रे हा फार तर तीन-चार तासांच्या नेहमीच्या जगण्याइतका. गरज असताना या भीतीपोटी हाताचा एक्स-रे टाळणाऱ्या पालकांना मी नेहमी समजावते. मात्र खुब्याचा एक्स-रे म्हणजे प्रजननेंद्रियांच्या जवळून जाणारे किरण, आणि तेही एकदा नव्हे. वाढ बघायची तर दर सहा महिन्यांनी. लहान मुलाचे अनेक सांधे पुन्हा पुन्हा बघायचे असतील तेव्हा किरणांचा मुद्दा खरा ठरतो. आणि धडधाकट मुलांची मापं घ्यायची असतील तेव्हा तर तो निर्णायक आहे. ज्याला आजार नाही अशा बाळाच्या अर्ध्या अंगाचे एक्स-रे कोणत्या तोंडाने काढायचे?

आता प्रत्यक्ष तपासणी कशी होते ते सांगते. बाळ आईच्या मांडीवर असतं. जेल आधी कोमट करून घ्यायची, नाहीतर पहिल्याच स्पर्शाला रडणं सुरू. पोटाच्या सोनोग्राफीला वापरतात तो वक्र प्रोब इथे चालत नाही. सपाट तोंडाचा, दहा-बारा मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो. त्यातून सुटणारा, कानाला ऐकू न येणारा आवाज फार खोल जात नाही, पण बारकावे टिपतो. दहा मेगाहर्ट्झला मांसातली तरंगलांबी जेमतेम ०.१५ मिलिमीटर असते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने, हाडाच्या लांबीला धरून प्रोब टेकवायचा. पडद्यावर आधी त्वचा, मग चरबी, मग मांडीच्या हाडाच्या टोकाचा गोलसर आकार येतो. तो जवळजवळ काळा, आत बारीक राखी कण. ही कूर्चा. तिच्या मधोमध चंद्रकोरीसारखी पांढरी रेघ चमकते आणि रेघेखाली काळी सावली पडते. ती रेघ म्हणजे ठिपक्याची वरची कड. आवाज तिथे आपटून परत येतो. प्रोब थोडा तिरका झाला की चंद्रकोर बारीक होते, म्हणून ती सर्वांत मोठी दिसेल तिथे थांबून चित्र गोठवायचं. मग दोन मापं घ्यायची : ठिपका केवढा, आणि तो ज्या कूर्चेत बसला आहे ती केवढी. बाळाने पाय आखडला की पुन्हा पहिल्यापासून.

ही दोन मापं एकाच चित्रात मिळणं हा सोनोग्राफीचा खरा फायदा. एक्स-रेत ठिपका दिसतो, पण तो केवढ्या जागेत वाढतो आहे ते कळत नाही. चणीने लहान बाळाचा ठिपका लहान असणारच. तो कूर्चेच्या मानाने लहान आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर एक्स-रे देऊ शकत नाही. चीनमधल्या रेडिऑलॉजिस्टांनी अलीकडे मनगट, गुडघा आणि घोट्याच्या अनेक हाडांवर हेच गुणोत्तर मोजून वय काढण्याचे प्रयत्न केले आहेत. महाराष्ट्राच्या दृष्टीने मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या खेड्यांतल्या बाळांचा अभ्यास केला, तेव्हा जन्मवजनाची सरासरी २.७ किलोच्या आसपास आली. इंग्लंडमधली बाळं साडेतीन किलोची होती. एवढ्या वेगळ्या चणीच्या बाळांना ठिपक्याच्या नुसत्या मिलिमीटरवरून तोलणं अन्यायाचं होईल.

लहान मुलांच्या सांध्यात सोनोग्राफीने बघण्याची ही कल्पना नवी नाही. ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० साली तान्ह्या बाळांचा निखळलेला खुबा सोनोग्राफीने ओळखण्याची पद्धत मांडली, ती याच कारणाने. खुब्याचा गोळा तेव्हा कूर्चेचा असतो. एक्स-रेत तो दिसतच नाही आणि सोनोग्राफीत स्वच्छ दिसतो. आज ती पद्धत जगभर चालते आणि आपल्याकडेही होते. म्हणजे यंत्र आहे, प्रोब आहे, बाळाचा खुबा बघू शकणारे डॉक्टर आहेत. गुडघा आणि मनगट हे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे.

दुसरीही एक वाट होती, आणि ती का अडली हे सांगायला हवं. इस्राएलमधल्या एका कंपनीने चित्र न काढता फक्त आवाजाचा वेग मोजून हाडाचं वय सांगणारं यंत्र काढलं. शहाळंवाला टिचकी मारून आत पाणी किती आणि खोबरं किती धरलंय ते सांगतो, तसंच हे. कूर्चेतून आवाज हळू जातो, हाडातून कितीतरी वेगाने. मनगटाच्या एका बाजूने सोडलेला आवाज दुसऱ्या बाजूला किती वेळात पोचतो यावरून आत हाड किती धरलं ते काढायचं. सुरुवातीचे निष्कर्ष चांगले आले. मग २००९ साली अमेरिकेतल्या एका गटाने दवाखान्यात येणाऱ्या मुलांवर ते ताडून पाहिलं. ज्यांची हाडं मागे पडली होती त्यांचं वय यंत्र जास्त सांगत होतं, आणि ज्यांची पुढे धावली होती त्यांचं कमी. धडधाकट मुलात ते बरोबर येई, आणि ज्याच्यासाठी तपासणी करायची त्याच मुलात चुके. अशा यंत्राचा डॉक्टरला काय उपयोग? आकडा लगेच मिळतो म्हणून तो खरा मानायचा मोह फार मोठा असतो. मला चित्र हवं ते यासाठीच. चित्रात चूक झाली तर दुसरा डॉक्टर ती पाहू शकतो.

चित्राच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. ठिपका जसजसा मोठा होतो तसतशी त्याची सावली वाढते आणि पलीकडचं काही दिसत नाही. त्यामुळे सहा-सात वर्षांनंतर सोनोग्राफीचा हा फायदा घटत जातो आणि हाताचा एक्स-रे पुन्हा वरचढ ठरतो. मुडदूस झालेल्या मुलात कूर्चा जाड होते आणि गुणोत्तर फसवं निघतं; तिथे आधी ड जीवनसत्त्व बघायला हवं. आणि दोन डॉक्टरांनी एकाच गुडघ्याची मापं घेतली तर ती जुळतीलच असं नाही.

यात सगळ्यांत निकडीचं काय, असं विचाराल तर मी नवजात बाळाच्या गुडघ्याकडे बोट दाखवीन. जन्मजात थायरॉइडची कमतरता आपल्याकडे साधारण हजार-दीड हजार बाळांत एकाला असते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर मूल इतर मुलांसारखं शिकतं, खेळतं. महिने गेले तर बुद्धीचं नुकसान भरून येत नाही. निदान रक्ताच्या तपासणीवरच करायचं, त्याला पर्याय नाही. पण पूर्ण दिवसांच्या बाळाच्या गुडघ्यात ठिपके उगवलेलेच नसतील तर कमतरता पोटात असतानाच तीव्र होती असा अर्थ निघतो, आणि यासाठी गुडघ्याचा एक्स-रे काढण्याची पद्धत आहे. तीच गोष्ट पाळण्याशेजारी सोनोग्राफीचं यंत्र नेऊन पाहता येते. बाळाला एक्स-रेच्या खोलीपर्यंत न्यायला नको, चार जणांनी धरायला नको.

पण 'यंत्र पाळण्याशेजारी नेऊन' हे शब्द कोल्हापुरात सहज उच्चारता येत नाहीत, आणि येऊही नयेत. सोनोग्राफीचा आपल्या जिल्ह्यातला इतिहास या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. शाहू महाराजांच्या जिल्ह्यात. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला, आणि तरीही हा आकडा. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण बसवायला लावलं, म्हणजे पडद्यावर काय बघितलं गेलं त्याची नोंद राहावी. गर्भवतींचे अर्ज चोवीस तासांत ऑनलाइन भरायचे, असाही आदेश होता. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि २६ ऑगस्ट २०११ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचा आकडा ८६३ झाला. वाढला, पण समाधान मानावं असा नाही.

माझ्या काही व्यवसायबंधूंना गर्भलिंगनिदानाविरुद्धचा हा कायदा जाचक वाटतो. बाळाचा गुडघा बघायला यंत्राची नोंदणी कशाला, असं ते विचारतात. गुडघ्याच्या प्रोबने गर्भ दिसत नाही, त्याचा आवाज काही सेंटीमीटरच आत जातो, हे खरं आहे. पण प्रोब बदलायला दोन मिनिटं लागतात, आणि यंत्र तेच असतं. म्हणून कायदा प्रोबकडे बघत नाही, यंत्राकडे बघतो, आणि ते बरोबर आहे. २०१२ पासून हातात नेता येणारी यंत्रं नोंदणी झालेल्या रुग्णालयाच्या आवारात किंवा नियमात बसणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येतात. त्यामुळे 'यंत्र पिशवीत घालू, तालमीत जाऊ, वीटभट्टीवर जाऊ, ऊसतोड मजुरांच्या पालांवर जाऊ आणि मुलांची वयं काढून देऊ' असं कुणी म्हणालं तर माझा त्याला विरोध राहील. मुलांना गाडीने दवाखान्यात आणावं लागेल. खर्च वाढेल, वेळ जाईल. ८३९ हा आकडा ज्या जिल्ह्याने पाहिला त्याने तेवढी किंमत खुशीने द्यावी.

तालमीचं नाव निघालंच आहे म्हणून थोडं खेळाबद्दल. वयोगटाच्या कुस्त्या आणि फुटबॉलच्या स्पर्धा आल्या की मला विचारणा होते : सोनोग्राफीने पोराचं वय सांगता का? नाही सांगता येत. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने सतरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धेसाठी २००९ पासून मनगटाचा एमआरआय सुरू केला. २०१७ साली ही स्पर्धा भारतात झाली, आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात देशाकडून खेळला, तेव्हा हाच नियम होता. त्यात बघतात ते हाडाच्या टोकाजवळची वाढीची चकती पूर्ण जुळली आहे का, एवढंच. तो वयात आलेल्या मुलांचा प्रश्न आहे आणि त्याची साधनं वेगळी. बारा वर्षांचा थोराड पोरगा चौदाचा आहे असं हाडांवरून कुणी ठासून सांगितलं, तर ते पोरावर अन्याय करणारं आहे. वस्तादांना हे माहीत असतं. अंगापिंडाने लवकर भरणारी पोरं त्यांनी शेकड्यांनी पाहिलेली असतात.

न्यायालयांनाही हे माहीत आहे. जयमाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच म्हटलं की एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांचा फरक धरावा लागतो. २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ९४ आधी शाळेचा दाखला बघायला सांगतं, तो नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. हा क्रम शहाणपणाचा आहे. जन्ममृत्यू नोंदणीच्या दुरुस्त कायद्यानुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मदाखलाच पुरावा म्हणून चालणार आहे. एक जूनचे वाढदिवस आता संपत जातील.

तरी काही मुलं कागदाविना उरतीलच. रेल्वे फलाटावर, एसटी स्टँडवर, देवळाच्या पायरीवर सापडलेलं दीड-दोन वर्षांचं मूल बालकल्याण समितीपुढे येतं. त्याचं वय ठरवावं लागतं. लसी कोणत्या द्यायच्या, पोषण किती कमी आहे, दत्तक देताना तारीख काय लिहायची, पहिलीत कधी बसवायचं, सगळं त्यावर. त्याला बोलता येत नाही. दात, उंची, चालणं, खेळणं यांवरून डॉक्टर अंदाज बांधतात. इथे गुडघा, घोटा आणि मनगट यांची सोनोग्राफी हा आणखी एक साक्षीदार होऊ शकतो. एकटा निर्णय देणारा मात्र नाही. उपाशी राहिलेल्या मुलाचे ठिपके उशिरा येतात, म्हणजे हाडांवरून ठरवलेलं वय खऱ्या वयापेक्षा कमी निघणार. त्या आकड्यावर विसंबून 'वयाच्या मानाने वजन ठीक आहे' असं कुणी लिहिलं तर कुपोषणच झाकलं जाईल. असा अहवाल देताना मी एक तारीख कधी देणार नाही. या महिन्यापासून त्या महिन्यापर्यंत, असंच लिहीन, आणि मूल चार-सहा महिने नीट जेवल्यावर पुन्हा बघायला सांगेन. पोटभर खायला मिळू लागलं की हाडंही मागे पडलेली वाट भरून काढायला लागतात, आणि तो वेग स्वतःच पुष्कळ सांगून जातो.

या सगळ्यासाठी आधी हवी आहेत आपल्या मुलांची मापं. ती कुठून येणार? मला ती इथेच, जिल्ह्यात घेता येतील असं वाटतं, आणि त्याला फार मोठा पैसाही लागणार नाही. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या ठिकाणी जन्मणाऱ्या बाळांची जन्मवेळ मिनिटापर्यंत नोंदलेली असते. यापेक्षा पक्कं वय कुठलं मिळणार? गर्भावस्थेचे आठवडे ठाऊक असतात, वजन ठाऊक असतं. आईवडिलांच्या लेखी संमतीने, नोंदणी झालेल्या खोलीतच, लशीच्या तारखांना बाळ आलं की त्याच दिवशी डावा गुडघा आणि डावं मनगट बघायचं : जन्मानंतर, दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना, नवव्या महिन्याला, दीड वर्षाला. त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. लशीसाठी आई तशीही येतेच, तिची आणखी एक मजुरी बुडायला नको. मुली आणि मुलगे यांचे तक्ते वेगळे. दिवस न भरता जन्मलेल्या बाळांचा वेगळा. ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांची बाळं मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात, तेव्हा त्यांची चित्रं आईच्या फाइलमध्ये द्यायची, म्हणजे बीडला किंवा जिथे जातील तिथल्या डॉक्टरला पुढची मापं त्यांच्याशी ताडता येतील.

प्रत्येक गुडघा दोघांनी बघायचा, एकमेकांचे आकडे न बघता. दोघांचे आकडे वेगळे आले तर दोन्ही लिहून ठेवायचे, सरासरी काढून फरक झाकायचा नाही. दोन तपासणाऱ्यांत किती अंतर पडतं हे पहिल्या वर्षातच छापून जाहीर करायचं, तक्ते तयार होण्याची वाट न बघता; ते अंतर फार निघालं तर काम तिथेच थांबवून आधी हात बसवायचा. जे डॉक्टर आज या सभागृहात आहेत आणि ज्यांच्याकडे नोंदणी झालेलं यंत्र आहे, त्यांना मी विनंती करते की व्याख्यान संपल्यावर थोडं थांबावं. गुडघ्यावर प्रोब नेमका कुठे टेकवायचा आणि माप कोणत्या कडेपासून कोणत्या कडेपर्यंत घ्यायचं, एवढं तरी आज ठरवू.